खारपाणातलं शेततळं : वहीतल्या नोंदी

१६ एप्रिल

काकांचं वावर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. चौदा एकर, सगळं कोरडवाहू. विहीर आहे, पण तिचं पाणी एकदा तोंडात घेतलं की ती शोभेची का ते कळतं. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर. जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिकाला द्यायची सोय नाही.

ठरलंय ते असं: नाल्याकडच्या खालच्या कोपऱ्यात ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं. बाजूंचा उतार दीडास एक, म्हणजे तळ उरतो २१ बाय २१. काठोकाठ भरलं तर १,९७१ घनमीटर, म्हणजे पावणेवीस लाख लिटरच्या आसपास.

मी पुण्यात बांधकामाच्या साइटवर असतो. काळ्या मातीशी माझी ओळख आहे ती वैरी म्हणून. आमच्यात तिला 'बीसी सॉइल' म्हणतात, म्हणजे ब्लॅक कॉटन, कापसाची काळी. पाया घ्यायच्या आधी ती उकरायची, डंपरनं लांब टाकून यायची आणि मुरूम भरायचा. इथे मुरूम भरायचा तर डोंगराकडून आणावा लागेल. शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिक कागदाचं कोटेशन घेऊन आलो होतो. काकांनी ते चहा होईपर्यंत वाचलं आणि घडी करून परत दिलं. "कागद कायले टाकतं? आपली जमीन पानी पेतच नाई."

संध्याकाळी नुसत्या भेगा मोजल्या. तुरीच्या धसकटांमधून चालताना पाय जपूनच टाकावा लागतो. एक भेग चार बोटं रुंद. तिच्यात सळई सोडली ती १ मीटर १० सेंटिमीटर गेली आणि अडकली. तळ लागला असं वाटलं नाही. भेग तिथे वळली असावी.

१९ एप्रिल

घरगुती प्रयोगशाळा ओट्यावर. पहिली चाचणी फुगवट्याची. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम, दोन नळ्यांत. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते मोजमापाचा पाया. (रॉकेल मिळवणं हे निम्मं काम. शेवटी माळ्यावरच्या कंदिलाच्या डब्यात तळाशी सापडलं.) चोवीस तासांनी पाण्यातली माती २३ मिलिलिटरवर, रॉकेलमधली ११ वर. फुगवटा १०९ टक्के. आमच्या कोष्टकात ५०च्या वर 'अति' लिहून पुढचा रकानाच संपतो.

दुसरी चाचणी ढेकळाची. सुपारीएवढं ढेकूळ पाण्याच्या पेल्यात अलगद सोडायचं. भोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला तर ती माती पाण्यात विरणारी, बांधाला धोक्याची. हापशाचं पाणी घेतलं. ढेकूळ सुटं झालं, तळाशी बसलं, पाणी नितळ. वहीत लिहिलं: 'विरत नाही. ठीक.'

२ मे

पोकलेन सकाळी सातला आलं, दुपारपर्यंत एक बाजू उभी कापून झाली. ऑपरेटरला चहाला बसवलं आणि मी शिडी लावून खड्ड्यात उतरलो. आयुष्यात शेकडो पाये उकरले, पण मातीची भिंत अशी निवांत पाहिली नव्हती.

वरचा वीतभर थर भुसभुशीत. उन्हानं आणि वखरानं बारीक झालेली कणी, मुठीतून ओघळते. त्याखाली हात-दीड हात टोकदार ढेकळं, इतकी कठीण की चाकू बसत नाही. काळेपणा मात्र एकसारखा. वेगळा थर म्हणून रेघ मारावी अशी जागाच सापडत नाही. ऐंशी सेंटिमीटरवर, घट्ट मातीत, युरियाच्या पोत्याचा पिवळा धागा निघाला. तो कुणी पुरलेला नाही. उन्हाळ्यात भेगेत पडला, पावसाळ्यात भेग मिटली, बस्स. वरची माती दर वर्षी अशीच थोडी थोडी खाली जाते आणि खालची वर ढकलली जाते, म्हणून थरांची सरमिसळ. जमीन आपलीच नांगरट करत बसलेली.

मीटरभराच्या खाली खरी गंमत. पोकलेनच्या दातानं ढेकूळ फुटलं की आतून गुळगुळीत, चकाकणारा पृष्ठभाग निघतो. तेल लावून पुसल्यासारखा, त्यावर एकाच दिशेनं बारीक ओरखडे. आधी वाटलं दातानंच घासलं. मग न कापलेल्या बाजूला पहारीनं एक ढेकूळ सुटं केलं, तिथेही तेच. आणि हे पृष्ठभाग आडवे नाहीत, उभे नाहीत, तिरपे. कोनमापक लावला: ३५ अंश, ४०, एक ५०. दोन तिरपे पृष्ठभाग एकमेकांना कापतात तिथे माती पाचरीच्या आकाराची निघते.

त्याचं गणित माझ्या धंद्यातलंच आहे. माती ओली होऊन फुगायला बघते. भेगांत वरून पडलेली माती आधीच बसलेली, बाजूला सरकायला जागा नाही. वरून मीटरभर मातीचं ओझं. मग दाब आडवा साठतो आणि माती तिरपी कातरली जाते, एक पाचर दुसरीवर घासत वर सरकते. वर्षानुवर्षे तेच घासणं. आपल्याकडे विजेचे खांब दारुड्यासारखे झुकलेले असतात त्याचं मूळ इथे.

१८० सेंटिमीटरनंतर रंग तपकिरीकडे झुकतो आणि चुनखडीचे खडे वाढतात, वाटाण्यापासून बोराएवढे. सौम्य ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतात. अडीच मीटरवर हरभऱ्याएवढी एक गारगोटी सापडली, गोल, घासलेली. तीन मीटरपर्यंत दगड असा तेवढाच. मुरूम नाही, कातळ तर नाहीच. या भागात शंभर-शंभर मीटर खाली गेलं तरी खडक न लागणाऱ्या जागा आहेत. मराठवाड्यातल्या किंवा नगरच्या काळ्या जमिनीत हात-दोन हातांवर मुरूम दिसतो, कारण ती बहुतेक जागच्या जागी खडक झिजून झालेली. ही वाहून आलेली. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, दोन्ही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या. त्यांच्यावरून उतरलेला बारीक गाळ या पन्हाळीत साठत गेला.

काका वरून बघत होते. "आमची काळी तू पह्यल्यांदाच पायली." जुनी माणसं शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. पांढरीवर घर बांधायचं, काळीवर नाही. आमच्या बिल्डरांना हे कळायला भू-तांत्रिक अहवाल लागतो.

५ मे

अकोल्याहून ताई आली. आत्याची मुलगी, कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रात एम.एस्सी. करते. आल्या आल्या भांडण.

काकांचा बेत असा की खोदलेली सगळी माती वावरात पसरायची, 'नवी माती, चार वर्षं खत नको'. तलावातला गाळ पसरतात तसंच. ताईनं साफ नाही म्हटलं. तलावातला गाळ म्हणजे वरून धुपून आलेली वरची माती. ही तर पोटातली. पसरायची तर वरची हातभर पसरा, बाकीची काठावरच राहू द्या. काका दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी पोकलेनवाल्याला मात्र दोन ढीग वेगळे करायला सांगितलं.

तिनं भिंतीतून चार खोलींवरचे नमुने घेतले. निकाल यायला वेळ आहे, पण तिला काय येणार ते माहीत असल्यासारखं दिसलं. तिचं म्हणणं थोडक्यात लिहून ठेवतो, नाहीतर पुण्याला जाईपर्यंत विसरेन.

काळ्या दगडात कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही असतात, दगड झिजताना दोन्ही सुटतात. इथे पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर आणि ऊन भरपूर. पाणी खोल जायच्या आत मातीतच सुकतं, आणि सुकताना कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो. ते खडे म्हणजे मातीतून वजा झालेला कॅल्शियम. मागे उरतो सोडियम, तो चिकणमातीच्या कणांना जाऊन चिकटतो. कॅल्शियम कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. सोडियमला ते जमत नाही, कण सुटे होतात आणि पाण्याच्या वाटा बुजवतात. वाटा बुजल्या की पाणी आणखी वर सुकतं, आणखी चुनखडी, आणखी सोडियम. सावकाराच्या व्याजासारखं. त्यात खोरं जवळपास सपाट, निचऱ्याला उतार नाही.

आणि काळा रंग? मी आजवर समजत होतो, काळी म्हणजे सेंद्रिय भरपूर. सेंद्रिय कर्ब असेल अर्धा टक्का, ती म्हणाली. तेवढाच कर्ब चिकणमातीशी इतका घट्ट बांधलेला असतो की सगळं काळं दिसतं.

२१ मे

खोदाई पूर्ण. सांडव्याचा सहा मीटर पाइप नाल्याकडे काढला, तळापासून २.७ मीटरवर. पाइपाचा चर बुजवताना माती कोरडी, ढेकळंच ढेकळं. विहिरीचं पाणी शिंपडलं, जेसीबीचं चाक चारदा फिरवलं. साइटवर असं कुणी केलं असतं तर मी बिल अडवलं असतं. ४४ अंशांत घरचं काम वेगळं वाटतं.

१२ जून

काल रात्री पहिला मोठा पाऊस. गच्चीवरच्या डब्यात ५८ मिलिमीटर. पहाटे धावत गेलो तर शेततळ्यात घोट्याएवढं पाणी, तेही थेट वरून पडलेलं. वावरातून ओघळ आलाच नाही. सगळं भेगांनी गिळलं. पाणी न पिणारी जमीन पहिल्या दिवशी अशी अधाशासारखी पिते. काका हसले: "तिची तहान आधी, तुयी मंग."

१८ जून

दुसरा पाऊस. भेगांची तोंडं चिकटली. सांडवा कोरडा, शेततळ्यात ६० सेंटिमीटर. नमुन्यांचा निकाल ताईनं फोनवर पाठवला:

० ते २० सेंटिमीटर: चिकणमाती ५८ टक्के, सामू (पीएच) ८.२, सोडियम ४ टक्के.
२० ते ६०: चिकणमाती ६०, सामू ८.५, सोडियम ९.
६० ते १००: चिकणमाती ६१, सामू ८.८, सोडियम १६.
१०० ते १४०: चिकणमाती ६१, सामू ८.९, सोडियम २१.

इथे सोडियम म्हणजे कणांना चिकटलेल्या सगळ्या क्षारघटकांत त्याचा वाटा. १९५४च्या अमेरिकी पुस्तकातून जगभर गेलेली मर्यादा १५ टक्क्यांची. ताईच्या मते आपल्या काळ्या मातीला ती लावू नये. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोतल्या संशोधकांनी दाखवलंय की या फुगणाऱ्या मातीत ५च्या पुढे गेलं की पाणी झिरपणं ढासळायला लागतं. त्या हिशेबानं आमची जमीन वीतभर खोल. बाकीची खोली कागदावर.

काकांना आकडे वाचून दाखवले. "मंग पऱ्हाटी पिवळी काऊन पडते थे समजलं," एवढंच बोलले.

२६ जून

वाफसा आला. पेरणी. उद्या-परवापर्यंतच काय ते होईल: ओल जास्त तर वखराच्या पाशीला माती गोळ्यानं चिकटते, ओल उडाली तर पास आत जात नाही. मधले दोन-तीन दिवस म्हणजे इथलं पंचांग. माझं शेततळं या तीन दिवसांत कुणाच्याही खिजगणतीत नाही.

९ जुलै

शेततळं रात्रीत भरलं, सांडवा वाहायला लागला. सकाळी साडेसहाला फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

नऊला काकांनी हाक मारली. नाल्याच्या काठात, सांडव्याच्या पाइपाखाली, मनगटाएवढं भोक पडून गढूळ पाणी येत होतं. पोती टाकली, पाणी पोत्यांच्या बाजूनं. दुपारी भोक घागरीएवढं. चार वाजता वरचं छत बसलं, पाइप लोंबकळला आणि चराची चर नाल्यात गेली. दीड मीटरवर येऊन थांबलं, कारण तिथे चराचा तळ संपून न हललेली माती सुरू होत होती. १.२ मीटर पाणी गेलं, म्हणजे निम्म्याहून जास्तच, कारण वरचा भाग रुंद.

मजूर एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

१० जुलै

झोप नाही. पहाटे ओट्यावर तोच पेला घेतला आणि तसंच ढेकूळ, एप्रिलमधल्या डब्यातलं. या वेळी पाणी पावसाचं, पातेल्यात धरलेलं.

मिनिटभरात ढेकळाभोवती धूर. पाच मिनिटांत तळ दिसेना. दहा मिनिटांत पेला चहासारखा.

शेजारी दुसरा पेला, हापशाचं खारं पाणी. नितळ.

ताईला व्हिडिओ पाठवला. तिनं फोन केला आणि आधी पोटभर हसून घेतलं. खाऱ्या पाण्यातले क्षारच कणांना एकत्र धरून ठेवतात, मीठ टाकून दूध फाटावं तसे ते गोळा होऊन खाली बसतात. पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत. तिथे सोडियमवाले कण सुटे होतात आणि प्रवाहाबरोबर निघून जातात. एप्रिलमध्ये मी मातीची परीक्षा अशा पाण्यात घेतली, जे त्या शेततळ्यात कधी येणारच नव्हतं. वर चर बुजवताना ओलावा दिला तोही विहिरीचा. तो चर खारा असेतोवर टिकला. पावसानं क्षार धुतले आणि ढेकळांमधल्या पोकळ्यांतून वाट सापडली.

(म्हणून खारं पाणी चांगलं, असा अर्थ काकांनी काढू नये म्हणून लिहितो: त्याच पाण्यानं मातीत सोडियम वाढत जातो. आज पेल्यात नितळ दिसतं, चार वर्षांनी वावर चोपण.)

नाल्याच्या काठानं चालत गेलो. अशी भोकं आधीपासून तिथे आहेत, पाचसहा तरी. लहानपणी आम्ही त्यांना घोरपडीची बिळं समजायचो.

२२ जुलै

दहा दिवस उघडीप, वाफसा. चर पुन्हा रुंद करून सगळी सैल माती काढली. नऊ घनमीटर माती, तिला वजनाच्या दोन टक्क्यांच्या हिशेबानं जिप्समची पन्नास किलोंची सहा पोती. जिप्सम म्हणजे विरघळणारा कॅल्शियम, सोडियमला कणांवरून ढकलून त्याची जागा घेतो. माती वखरानं बारीक केली, जिप्सम मिसळलं, पावसाच्या पाण्यानं ओलावा दिला. मुठीत वळते पण बोटांना चिकटत नाही इतपत. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर भाड्याच्या रॅमरनं ठोकलेला. पाइपाला मध्ये दोन ठिकाणी काँक्रीटची गळपट्टी, म्हणजे पाण्याला पाइपाच्या अंगानं सरळ पळता येणार नाही. नाल्याकडे दगडाची पिचिंग.

मिसळलेल्या मातीचं ढेकूळ पावसाच्या पाण्यात टाकून पाहिलं. नितळ. तीनदा पाहिलं.

१७ ऑगस्ट

पुन्हा भरलं. सांडवा दोन दिवस वाहतोय, नाल्याचा काठ कोरडा. पण पाणी काही केल्या निवळत नाही, महिना झाला तरी गढूळच. ते कण इतके बारीक की आपल्या वजनानं बसत नाहीत. गोणपाटात जिप्सम बांधून चार कोपऱ्यांत सोडलं. आठ दिवसांत हात बुडवला तर बोटं दिसायला लागली. पंपाची जाळी वाचेल.

७ ऑक्टोबर

पाऊस गेला. पाणी मोजायच्या पट्टीवर २.६० मीटर. काकांच्या 'पानी पेत नाई'ची परीक्षा: काठावर पाण्याचं घमेलं ठेवलं, आठ दिवस रोज सकाळी दोन्हीकडची घट मोजली. घमेल्यात दिवसाला ७ मिलिमीटर, शेततळ्यात साडेपाच. लहान भांड्यातून वाफ जास्त उडते, त्याच्या सुमारे ७० टक्के धरलं तर शेततळ्याची नुसती वाफ ४.९. उरलेलं सहा दशांश मिलिमीटर झिरपा. पंधरा वीस साइट्सवर मी वॉटरप्रूफिंगचे पैसे मोजलेत, एवढा आकडा कुणी दिला नाही. प्लास्टिकचं कोटेशन फाडलं.

जो सोडियम पिकाला नडतो तोच इथे कागदाचं काम करतोय.

१९ नोव्हेंबर

हरभऱ्याला पाणी. पट्टीवर २.३५, म्हणजे सुमारे १,४२० घनमीटर. चार एकरांवर ५० मिलिमीटर द्यायचं, त्याला ८१० लागतात.

तुषार संच रात्रीच चालवला, वारा नसतो. ताईनं बजावलं होतं की गोडं पाणी जोरात दिलं तर पृष्ठभागावर पापडी धरेल, म्हणून बारीक नोझल आणि सावकाश. पेरणीआधी या चार एकरांत जिप्सम पसरलं होतं, बाकीच्यात नाही. पहिल्या रात्री चुकून एक रांग त्या बाकीच्यात गेली. सकाळी तिथे पाणी तुंबलेलं, वर साय धरल्यासारखी चकचकीत पापडी. जिप्समवाल्या पट्ट्यात नाही. मधे फक्त धुऱ्याची एक ओळ. काकांनी दोन्हीकडे टाच रोवून बघितली आणि पुढच्या वर्षी किती पोती लागतील ते विचारलं.

२३ डिसेंबर

पट्टीवर १.०५. हरभरा घाट्यावर आहे. पाणी उतरलेल्या काठावर नव्या भेगा पडल्यात, अजून करंगळी जाईल एवढ्याच. सांडव्याच्या बुजवलेल्या चरावर मात्र एकही नाही. मार्चमध्ये पुन्हा बघायचं, सळई घेऊन. पोती: एकरी किती ते ताईला विचारून कळवणे.